बारवेत हात देऊ नये

कोळदऱ्याची बारव गावाच्या उगवतीला, चिंचेच्या दोन झाडांपलीकडे आहे. लांबून ती दिसत नाही. जमीन सपाट वाटते आणि मग एकाएकी पायापुढे संपते. काठाशी उभे राहिले की खाली छत्तीस पायऱ्या दिसतात आणि त्यांच्या तळाशी हिरवट, स्वस्थ पाणी. दगड काळा आहे, घडाई जुनी आहे, आणि विसाव्या पायरीपासून खाली भर उन्हाळ्यातही शेवाळ असते. अशा बारवा बालाघाटाच्या डोंगरात आणखीही आहेत. कोळदऱ्याला माणसे मुद्दाम येतात ती तिथल्या लोकांचे हात पाहायला.

बारवेत उतरताना तिथल्या बायका मोकळा हात पदराखाली घेतात. पुरुष दोन्ही हात पाठीमागे धरतात. ज्या म्हाताऱ्यांना चढवत नाही त्या बसून, एकेक पायरी मागे सरकत वर येतात. शेजारून धडधाकट माणसे जातात. ती थांबतात, म्हातारीच्या गतीने सावकाश चढतात, तिच्यासाठी हळहळतातही. पण हात पुढे करत नाहीत. मध्यंतरी लोखंडी गज बसवायची टूम निघाली होती. गावाने नको म्हटले. गज म्हणजे तरी काय, कायमचा पुढे केलेला हातच की!

बारव दाखवायचे काम विश्वंभर गुरवांकडे आहे. वय सत्तरीला टेकलेले, आवाज खणखणीत. काठावरच्या सटवाजीच्या देवळीत दिवा लावणे हे त्यांचे वंशपरंपरेचे काम. पाहुण्यांना गोष्ट सांगणे हे मागाहून अंगाला चिकटलेले. गेल्या माघात जुनी बांधकामे पाहत हिंडणाऱ्या हौशी लोकांची एक गाडी तिथे आली. दहा-बारा माणसे होती. त्यांत एक फार म्हातारे गृहस्थ होते. गाडीतली मंडळी त्यांना नुसतेच काका म्हणत, कारण त्यांचे नाव कोणी नीट विचारले नव्हते.

"पायताणं वर काढा," गुरव म्हणाले. "खाली गेल्यावर कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. आणि कुणी घसरलं तरी हात द्यायचा नाही. ताई, हसू नका. हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते."

"पण का?" हसणारी मुलगी म्हणाली.

"ते ऐकायलाच तर पेट्रोल जाळत आलात की! चला खाली."

पाण्यालगतच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून त्यांनी गोष्ट सांगितली. तीन सालं पाऊस नव्हता म्हणे. जनावरे गेली, मग माणसे जायला लागली. तेव्हा गावाने ही बारव खोदायला घेतली आणि सटवाजी पाथरवटाला मुख्य कारागीर नेमले. छत्तीस पायऱ्या झाल्या तरी थेंब लागेना. असे सांगतात, की पाण्याने एक माणूस मागितला आणि सटवाजी हो म्हणाला. दुपारी त्याची बायको राही भाकरी घेऊन आली, तोच खालचा खडक फुटला आणि पाणी वर चढू लागले. राहीला राहवेना. तिने शेवटच्या पायरीवरून हात दिला आणि त्याने तो धरला. पाण्याने मग दोघांनाही नेले. एक द्यायचा होता, दोन गेले.

"तेव्हापासून हात नाही," गुरव म्हणाले. "ज्यानं त्यानं आपला जीव आपल्या पायावर सांभाळायचा."

कोणी पाण्याचा फोटो काढला. मग ती मुलगी म्हणाली, "आणि हाक का नाही मारायची?"

"ती गोष्ट अलीकडची आहे," गुरव म्हणाले. "एक मास्तर इथं आला होता, त्याची. थोडा दम खाऊ द्या, सांगतो."

काकांनी मान खाली घातली. त्यांचे नाव अच्युत रत्नपारखी. तो मास्तर तेच होते.

*

रत्नपारखींनी सटवाजीची कथा अशी ऐकलेली नव्हती.

चाळीस वर्षांमागे ते तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवत. मोठ्या विद्यापीठाची पदवी होती, वर डॉक्टरेट होती, आणि तरीही पत्र पेटीत टाकल्यावर पत्ता बरोबर लिहिला ना म्हणून पेटीच्या फटीत डोकावायचा स्वभाव होता. वर्गात एखादी व्युत्पत्ती सांगत आणि संध्याकाळी घरी पुन्हा कोश उघडून बसत. त्यांनी आयुष्यात एकच धाडस केले. 'ऐकीव' नावाचे त्रैमासिक काढले. आसपासच्या गावांच्या आख्यायिका आणि नवलाच्या गोष्टी, एवढाच त्याचा विषय. जिथे कोंबडा पाळत नाहीत ते गाव, वीज पडूनही न जळलेली बाभळ, वर्षातून एकदाच पाठ फिरवणारा मारुती. प्रत्येक कथेच्या शेवटी सांगणाऱ्याचे नाव असे, आणि मुखपृष्ठावर नावाखाली चार शब्दांची ओळ असे: 'जसे ऐकले, तसे सादर'. या ओळीवर रत्नपारखींचा देवावर नसेल इतका विश्वास होता. आपल्याकडून विद्वत्ता काही घडली नाही. निदान जसे कानावर पडले तसे ठेवून तरी जावे, असे त्यांना वाटे.

कोळदऱ्यात त्यांना गवळणबाई भेटली. सटवाजीच्या कुळात ही गोष्ट सांगणारी ती शेवटची. साठीच्या पुढची, वाळक्या अंगाची, बोलायला तिखट. "लिवून काय करता सर?" तिने पहिल्याच भेटीत विचारले. "आमच्या तोंडात काय किडं पडलेत व्हय गोष्टीला?"

ती त्यांना बारवेत घेऊन गेली. तेव्हा बायका पाणी भरत होत्या आणि बारवेत आवाज नव्हता. एकही बाई बोलत नव्हती. वरच्या पायरीवरची खालच्या पायरीवरचीला हात देई, ती तिच्या खालचीला. अशी हातांची एक साखळीच पाण्यापर्यंत गेली होती. रत्नपारखींच्या पायांत मोजे होते. विसाव्या पायरीवर ते डगमगले तेव्हा गवळणबाईने न बोलता, मागे न बघता हात मागे केला. दगड फोडून घट्टे पडलेला, कोरडा, उबदार हात. तो धरून ते खाली गेले आणि तोच धरून वर आले.

वर आल्यावर चिंचेखाली बसून तिने सांगितले, आणि रत्नपारखींनी पेन्सिलीने वहीत घेतले.

"सटवाजीनं पान्याला बोल दिला व्हता, तू ये, आन् माझं नाव घे. तवापून गावानं त्याला नावानं बोलवायचं सोडलं. नाव पान्याचं झालं ना. अन् राही तर बायकोच, ती कुठून नाव घेणार? एक दिस दुपारची भाकर घेऊन वर हुबी ऱ्हायली, बघती तर त्याच्या पाठीमागचा खडक हालायला. आता बोलवावं कसं? 'अवो' म्हनावं तर खाली धा गडी, समद्यांच्याच बायका 'अवो' म्हनत्यात." इथे गवळणबाई हसली होती. मग हसू थांबले. "तवा तिनं नाव घेतलं. जल्मात पैल्यांदा. वरून वराडली, सटवाजी! बाकीचे गडी पळाले. ह्यो वर बघतच ऱ्हायला. बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं म्हनून बघत ऱ्हायला. आन् पान्यानंबी नाव ऐकलं. आलं, आन् घेऊन गेलं. म्हनून सर, बारवंत हाक मारू नगं. कुनाचंच नाव घेऊ नगं. पानी ऐकतंय."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मुक्यानं जायाचं, धरून जायाचं. एवढंच हाय."

रत्नपारखींनी मुक्याने जाण्याचे लिहिले. धरून जाण्याचे लिहिले नाही. एकाने दुसऱ्याला हात देणे ही साधी माणुसकी. तिची आख्यायिका कुठून असणार, असे त्यांना वाटले.

लेख आठ पानांचा झाला. त्यात राहीची हाक होती, नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रूढीची चर्चा होती आणि एकोणीस तळटिपा होत्या. 'ऐकीव'च्या रिवाजाप्रमाणे लेखाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एक चौकट होती. कथेचे सार तिथे एका वाक्यात असे. अंक निघाला. त्यांनी पाच प्रती कोळदऱ्याच्या शाळेत लोमटे गुरुजींकडे भेट म्हणून पाठवल्या, पत्ता बरोबर आहे ना हे तीनदा पाहून.

दोन महिन्यांनी गुरुजींचे पोस्टकार्ड आले. अक्षर वळणदार होते.

'आपल्या लेखाने गाव जागे झाले. मारुतीच्या पारावर जाहीर वाचन केले. आपली चौकट काचेत मढवून सटवाजीच्या देवळीत लावली आहे. पूर्वजांची खरी रीत आम्ही विसरून उलटेच पाळत होतो, हे सर्वांना पटले. आता बारवेत कोणी कोणाला हात देत नाही. गेल्या सोमवारी गवळणबाई अठराव्या पायरीवर घसरल्या, परंतु त्यांनीही रीत मोडली नाही. कंबर दुखावली आहे. गावाला आपला अभिमान वाटतो.'

रत्नपारखींनी कार्ड दोनदा वाचले. मग कपाटातून अंक काढला आणि चौकट पाहिली. 'म्हणून कोळदऱ्याच्या बारवेत कोणी कोणाला हात देऊ नये.' हाक नव्हे, हात. खाली आठ पाने जे म्हणत होती ते या एका अक्षराने वर पुसून टाकले होते. आणि ती आठ पाने कोणी वाचली असतील, असा वेडा विश्वास त्यांना स्वतःलाही वाटेना.

ते तडक छापखान्यात गेले. चाँदभाई तिथे वीस वर्षे खिळे जुळवत होते. शिशाने काळी झालेली बोटे, नाकावर उतरलेला चष्मा. त्यांनी चौकट लांब धरून पाहिली.

"सर, मी अर्थ वाचत नाही, अक्षर वाचतो. अर्थ वाचत बसलो तर दिवसाला एक पान होणार नाही. तुमच्या कागदावर त असेल, मी त लावला."

"मी क लिहिला होता, चाँदभाई."

"असेल सर. तुमचा क घाईत असला की त्याचं पोट उघडं राहतं आणि शेपूट गळून पडतं. वीस वर्षं मी अंदाजानं लावतोय. पण प्रूफं तर तुम्ही तीनदा तपासलीत."

ते खरे होते. तीनदा तपासली होती. प्रत्येक वेळी डोळ्यांनी हात पाहिले होते आणि मनाने हाक वाचले होते. मूळ कागद पाहावा म्हटले तर तो शाई पुसायच्या बोळ्यांत कधीच गेला होता. रत्नपारखी खुर्चीवर बसून राहिले. चूक चाँदभाईंची निघाली असती तर बरे, असे त्यांना क्षणभर वाटले, आणि तसे वाटल्याची लाज वाटली.

"शुद्धिपत्र छापू सर," चाँदभाई हळूच म्हणाले. "आत्ता लावतो. हाताखालचं काम राहू द्या."

दोन बोटे रुंदीच्या तीनशे चिठ्ठ्या छापल्या. 'चौकटीत "हात" या शब्दाऐवजी "हाक" असे वाचावे.' त्या पिशवीत घेऊन दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने रत्नपारखी कोळदऱ्याला निघाले.

*

बारव दिसायच्या आधी ऐकू आली. पोरी आत एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. काठाशी येऊन त्यांनी खाली पाहिले. बायका सुट्यासुट्या, अंतर ठेवून, मोकळा हात पदरात गुंडाळून चढत होत्या. साखळी नव्हती. एक गरोदर बाई पंचविसाव्या पायरीवर बसून धापा टाकत होती आणि तिच्याजवळ तिघी उभ्या होत्या. तिघी तिला धीर देत होत्या. मोठमोठ्याने, नाव घेऊन.

देवळीत सटवाजीच्या शेंदऱ्या दगडाशेजारी चौकट टांगली होती. लोमटे गुरुजी धावत आले, त्यांच्यामागून दहा-वीस माणसे. रत्नपारखींनी सगळे सांगितले. अक्षर कसे चुकले, खिळा कसा बदलला. मग एकेकाच्या हातात चिठ्ठी दिली.

लोकांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. मग एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पण तुमचं पुस्तक खरं का ही चिठ्ठी? पुस्तक हे एवढं. चिठ्ठी बोटाएवढी."

"चिठ्ठी खरी."

"मग पुस्तकात खोटं छापता व्हय?"

माणसे हसली. रत्नपारखींना हसू आले नाही. ते म्हणाले, "तुम्ही जन्मभर काय पाळत होतात? आठवा ना. हात देत होतात की नाही? हाक मारत नव्हतात की नाही?"

"तेच तर," दुसरा कोणी म्हणाला. "आम्ही अडाणी, ऐकून ऐकून पाळत होतो. ऐकण्यात फरक पडायचाच. तुम्ही शिकलेला माणूस, धुंडाळून खरं काढलंत. आता तुम्हीच मागं फिरता?"

"सर, ही काच आता काढायची कशी?" गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "कुंकू लागलंय तिला."

रत्नपारखींनी गवळणबाईचे घर विचारले. तिचा शब्द असला म्हणजे झाले. तिने एकदा सगळ्यांसमोर सांगितले की गाव ऐकेल, असे त्यांनी वाटेत मनाशी धरले होते.

ती पडवीत बाजेवर होती. कंबरेखाली उशा, अंगात ताप. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायला तिने साफ नकार दिला होता. सून सिंधू पायाशी बसली होती. रत्नपारखी दिसताच तिने पदर सावरला आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "म्या हात पुढं केला व्हता सर. आत्याबाईनं मागं घेतला. वाईचकंच अंतर व्हतं." तिने बोटांनी अंतर दाखवले. ती बोटे नंतरही बराच वेळ तशीच राहिली.

"घेनारच की मागं," गवळणबाई बाजेवरून म्हणाली. "सर, तुमी माझं नाव छापलं. गुर्जींनी दावलं मला. 'सांगणार गवळणबाई' म्हनून खाली लिवलंय. म्याच मोडलं तर लोक काय म्हनतील? म्हातारी खोटं सांगती!"

रत्नपारखी बाजेशेजारी जमिनीवर बसले. "गवळणबाई, तुम्ही हात म्हणाला नव्हता. हाक म्हणाला होता. चिंचेखाली. राहीनं हाक मारली आणि पाण्यानं ऐकली. आठवतं ना?"

ती बराच वेळ वर आढ्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. जणू जुनी गोष्ट ती आतल्या आत पहिल्यापासून सांगून पाहत होती. रत्नपारखी त्या ओठांकडे पाहत होते.

"आसंल," ती म्हणाली. "म्हनले आसंन. पर सर, माझ्या तोंडाचा काय भरवसा? दात पडल्यात. हाक म्हनावं तर हात व्हतं, हात म्हनावं तर हाक. छापलेलं तर हालत न्हाई ना?" आणि शाळेतल्या मुलीने कविता म्हणावी तसे, ठाशीव, एकेक शब्द सुटा करून तिने म्हटले, "कोळदऱ्याच्या बारवेत. कोणी कोणाला. हात देऊ नये."

नये. तिच्या तोंडात हा शब्द कधी नव्हता. तिचा शब्द नगं. आणि रत्नपारखींच्या डोक्यात त्या दुपारचे तिचे वाक्य जसेच्या तसे उभे राहिले: बारवंत हाक मारू नगं. मारू. तिने 'मारू' म्हटले होते. 'देऊ' हा शब्द तिचा नव्हताच. ठळक अक्षरांच्या चौकटीत 'मारू' रांगडे दिसेल म्हणून त्यांनी स्वतः, आपल्या हाताने, सुसंस्कृत 'देऊ' केला होता. तिचे 'मारू' राहिले असते तर खिळा चुकूनही चूक लपली नसती. 'हात मारू नये' असे कोणी वाचले असते तर गाव हसले असते आणि विसरले असते. 'देऊ'ने दोन्ही शब्दांना जागा करून दिली. दोष चाँदभाईंचा नव्हता, उघड्या पोटाच्या अक्षराचाही नव्हता. जसे ऐकले तसे ठेवले नव्हते, एवढेच झाले होते.

ते उठले. बाहेर पडले, आणि चालता चालता धावू लागले. पन्नाशी जवळ आलेला, चष्मा लावलेला, धोतराचा सोगा सुटलेला माणूस धावताना पाहून लोक मागे आले. रत्नपारखी बारवेच्या पायऱ्या उतरले. विसाव्या पायरीवर भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी सगळा जीव गोळा करून ओरडून सांगितले, "हात नव्हे, हाक! गवळणबाईनं हाक म्हटलं होतं! गवळणबाई! हाक! हाक!"

बारवेने आवाज उचलला आणि भिंतीभिंतींवरून परत दिला. शब्दांची शेवटची अक्षरे पाण्यात गळून पडली असावीत. 'हा… हा…' एवढेच वर आले. त्यात क नव्हता आणि त नव्हता. नाव मात्र पुरतेपणी परत आले.

पाण्यापाशी घागर बुडवणारी बाई ताठ उभी राहिली होती. ती रत्नपारखींकडे न पाहता म्हणाली, "म्हातारीचं नाव घेतलंत."

तेव्हा त्यांना आपण काय केले ते कळले.

तिसऱ्या दिवशी गवळणबाई गेली. कंबरेचे हाड मोडले होते, ताप चढत होता, वय झाले होते. रत्नपारखी शिकलेले होते आणि ही कारणे पुरेशी आहेत हे त्यांना कळत होते. चाळीस वर्षे ती कारणे ते रोज स्वतःला सांगत आले आहेत, आणि अजून एकदाही पूर्ण पटलेली नाहीत. 'ऐकीव'चा पुढचा अंक निघाला. त्यात शुद्धिपत्र होते, मुखपृष्ठावर ती चार शब्दांची ओळ नव्हती. त्यानंतर अंक निघाला नाही.

*

"दम खाल्ला, आता सांगतो," विश्वंभर गुरव म्हणाले. "पूर्वी इथं हाका मारायचे लोक. पोरी तर सारख्या. मग असं सांगतात, की एक मास्तर आला. फार शिकलेला. शिकून शिकून डोकं फिरलेलं म्हणे. आमच्या गावात गवळणबाई नावाची सत्त्वाची म्हातारी होती. जीव गेला तरी चालंल, पण हात घेणार नाही, अशी. त्या मास्तराला तिचं ते सत्त्व पाहवलं नाही. त्यानं बारवेत उभं राहून तिचं नाव पाण्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. तेव्हापासून हाक बंद."

"बाप रे!" ती मुलगी म्हणाली. "आणि तो?"

"त्याचं एक पुस्तक निघायचं म्हणे, ते बंद पडलं. त्याचं काय झालं कोणाला ठाऊक. चांगलं कसं होईल?"

काकांनी घसा साफ केला. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलत होते. "तुम्ही होतात का तेव्हा इथे?"

"होतो की! तिथं वर, चिंचेखाली. तिशीला टेकलो असेन. पण आपण असं सांगतात म्हणूनच सांगावं. मला आठवतो तो नुसता आवाज."

"काय ओरडला तो?"

"म्हातारीचं नाव."

"आणखी काही? एखादा शब्द?"

गुरवांनी खरोखर आठवून पाहिले. माणूस प्रामाणिक होता. "नाही," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

रत्नपारखींच्या सदऱ्याच्या खिशात, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, दोन बोटे रुंदीची एक पिवळी चिठ्ठी होती. त्यांचा हात खिशापर्यंत गेला. हिला हा माणूस काय म्हणेल? पुस्तक खरे का चिठ्ठी? आणि आता पुस्तकही नाही. त्यांनी हात परत घेतला.

मंडळी चढू लागली. सगळ्यांत मागे काका होते. अठराव्या पायरीशी त्यांचा पाय सरकला आणि ते भिंतीवर रेलले. पुढे गेलेली मुलगी वळली, चटकन दोन पायऱ्या उतरली आणि तिने हात पुढे केला. तरुण, स्वच्छ, उबदार हात.

"ताई, नको," वरून गुरव म्हणाले. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती, विनंती होती.

मुलगी गोंधळली. पण काकांनी दोन्ही हात तोवर पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. "असू दे बाळ," ते म्हणाले. "इथली रीत आहे." मग ते पायरीवर बसले आणि पाण्याकडे तोंड करून एकेक पायरी मागे सरकत वर येऊ लागले. वर यायला त्यांना पाऊण तास लागला. गाडीचा ड्रायव्हर दोनदा घड्याळ पाहून गेला. हाक मात्र त्यानेही मारली नाही.

आजही कोळदऱ्याच्या बारवेत शेवाळ आहे आणि पाणी कधी आटत नाही. आजही देवळीतल्या काचेवर रोज कुंकू लागते. अक्षरे आता त्याखाली दिसत नाहीत, आणि ती वाचायची कोणाला गरजही पडत नाही. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही आणि कोणी कोणाला हात देत नाही. माणूस घसरला तर दगडावरून घसरत गेल्याचा तेवढा आवाज वर येतो, आणि काठावरची माणसे हात पाठीमागे धरून तो थांबेपर्यंत उभी राहतात.